लायकमिंग इंजिनावर मोटारीचा अल्टरनेटर: निप्पॉनडेन्सोच्या ५५ अँपिअर यंत्राचे परीक्षण

स्वतः बांधलेल्या विमानात मोटारीचे भाग वापरावेत की नाही, हा वाद निघाला की पहिला विषय अल्टरनेटरचाच असतो. प्रस्तुत परीक्षण ज्या वस्तूचे आहे ती म्हणजे सुझुकी सामुराई या लहान जीपसाठी बनलेला, इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा, १२ व्होल्टच्या प्रणालीवर चालणारा, निप्पॉनडेन्सो जातीचा ५५ अँपिअरचा अल्टरनेटर. होमबिल्ट विमाने बांधणाऱ्यांमध्ये तो फार पूर्वीपासून रुळलेला आहे आणि माझ्या दोन आसनी विमानातल्या लायकमिंग ओ-३२० इंजिनावर त्याने अनेक हंगाम काम केले आहे. माझे मत आधीच नोंदवून ठेवतो. यंत्र म्हणून हा अल्टरनेटर उत्तम आहे. मात्र त्याच्या पोटात बसवलेला, व्होल्टेज काबूत ठेवणारा रेग्युलेटर विमानाच्या कामाचा नाही. तो काढून टाकून बाहेर स्वतंत्र रेग्युलेटर आणि व्होल्टेज हाताबाहेर गेल्यास वीज तोडणारे मॉड्यूल बसवणार असाल, तरच मी हा अल्टरनेटर सुचवेन.

मोटारीचा भाग म्हणून त्याला आधीच नापास करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कारखान्यात बांधलेल्या, प्रमाणपत्रधारक लहान विमानांमध्ये जे अल्टरनेटर दशकानुदशके उडत आले, त्यांचे मूळही मोटारींतच आहे. सेस्नाच्या अनेक विमानांवर फोर्डचा ६० अँपिअरचा अल्टरनेटर होता आणि पायपरच्या विमानांवर क्रायस्लरच्या घराण्यातला. त्यांना विमानाचे म्हणवून घेण्याचा अधिकार मिळाला तो चाचण्यांमुळे, प्रत्येक नगामागे असलेल्या कागदपत्रांमुळे आणि त्यांच्या भोवती रचलेल्या नियंत्रण-मंडळामुळे. आतले तांबे, लोखंड आणि डायोड मोटारीच्याच परंपरेतले होते. त्या जुन्या, अवजड अल्टरनेटरांच्या तुलनेत निप्पॉनडेन्सोचे हे लहान यंत्र जवळपास तीन किलोंत आटोपते, आणि ते प्रोपेलरच्या लगेच मागे, म्हणजे विमानाच्या गुरुत्वमध्यापासून बरेच पुढे बसत असल्यामुळे तिथे वाचलेला प्रत्येक किलो समतोलाच्या हिशेबात ठळक दिसतो. प्रमाणपत्रधारक विमानावर मात्र तो मनाने बसवता येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आता वेगाचा प्रश्न, कारण सर्वाधिक गैरसमज याच्याभोवती आहेत. लायकमिंगच्या रिंग गिअरच्या, म्हणजे प्रोपेलरमागच्या मोठ्या दातेरी चाकाच्या, आधाराला बेल्टसाठी जी खाच असते तिचा व्यास पावणेदहा इंच, म्हणजे सुमारे २४८ मिलिमीटर असतो. मोटारीतून निघालेल्या अल्टरनेटरची पुली साधारण ७० मिलिमीटरची असते. म्हणजे इंजिनाच्या एका फेरीला अल्टरनेटर साडेतीन फेऱ्या घेतो. २,४०० फेऱ्यांच्या क्रूझला, म्हणजे सरळ प्रवासी उड्डाणात, तो मिनिटाला सुमारे ८,५०० फेऱ्यांनी फिरतो आणि उड्डाणाच्या वेळी २,७०० ला साडेनऊ हजारांवर जातो. हा आकडा ऐकून अनेकजण घाबरतात. मोटारीचे इंजिन ६,००० पर्यंत पळवले की हेच यंत्र बारा हजारांच्या पुढे जाते आणि ते सहन करण्यासाठीच ते घडवलेले असते, त्यामुळे ते फुटून पडेल ही भीती अनाठायी आहे. खरा फरक सातत्याचा आहे. मोटारीत तो वेग काही क्षणांपुरता येतो; विमानात बेअरिंग आणि ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे घासते संपर्क) तासन् तास त्याच्या जवळपास राबतात.

म्हणून माझ्या विमानावर मी १०० मिलिमीटरची पुली ठेवली आहे. तिच्यामुळे क्रूझचा वेग ६,००० च्या खाली येतो आणि अपकेंद्री बल वेगाच्या वर्गानुसार बदलत असल्याने रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या विद्युतचुंबकाच्या, वेटोळ्यांवरचा ताण जवळपास निम्मा होतो. शिवाय बेल्टला टेकायला मोठा परीघ मिळतो, तो घसरण्याची शक्यता घटते. याची किंमत जमिनीवर मोजावी लागते: इंजिन ८०० फेऱ्यांवर सोडले की लहान पुलीचा अल्टरनेटर २,८०० च्या आसपास फिरत असतो, तर मोठ्या पुलीचा जेमतेम २,००० वर, आणि तिथे त्याची क्षमता बरीच कमी असते. लँडिंग लाइट जुन्या पद्धतीचे दिव्यांचे असतील, वेग मोजणारी पिटो नळी तापवायची असेल आणि टॅक्सीचा, म्हणजे धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाण्याचा, रस्ता लांब असेल, तर लहान पुलीच ठेवावी. सगळे दिवे एलईडी असतील तर मोठ्या पुलीने बॅटरी खंगत नाही, हे मी व्होल्टमीटरवर नेहमी पाहतो.

फिरण्याच्या दिशेबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. पुढून पाहिले तर लायकमिंगचा प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, आणि बहुतेक मोटारींचे अल्टरनेटर काट्यांच्या दिशेने. वीज निर्माण होण्याला दिशेची पर्वा नसते, कारण पुढे वीज एकाच दिशेने वळवणारा डायोडचा पूल आहेच. पंख्याची पाती एका बाजूला कललेली असतील तर मात्र उलट फिरताना ती कमी हवा ओढतात. काउलिंगच्या, म्हणजे इंजिनाच्या आवरणाच्या, पुढच्या तोंडाशी, थंड हवेच्या झोतात अल्टरनेटर बसत असल्याने लायकमिंगवर हे बहुतांशी भरून निघते. तरीही मागच्या झाकणावर, जिथे डायोड असतात तिथे, बॅफलमधून, म्हणजे सिलिंडरांकडे हवा वळवणाऱ्या पत्र्यांमधून, एक लहान हवेची नळी आणून सोडण्याची मी आग्रहाने शिफारस करतो, कारण अल्टरनेटर मरतो तो बहुधा उष्णतेने.

आता रेग्युलेटर. या जातीच्या अल्टरनेटरमध्ये रोटरच्या एका ब्रशला वीज थेट मुख्य आउटपुटच्या, म्हणजे बी टर्मिनलच्या जोडणीतून मिळते आणि आतला रेग्युलेटर दुसरा ब्रश जमिनीशी (अर्थिंगशी, म्हणजे धातूच्या अंगाशी) जोडत-तोडत फील्डचा, म्हणजे रोटरला चुंबक बनवणारा, प्रवाह सांभाळतो. बाहेरून येणारी इग्निशनची तार ही रेग्युलेटरला दिलेली केवळ सूचना असते. फील्डची वीज त्या तारेतून जात नाही. सर्व काही ठीक असेपर्यंत ही सूचना पाळली जाते. रेग्युलेटरमधला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, की फील्डला पूर्ण प्रवाह मिळतो, अल्टरनेटर जेवढे देता येईल तेवढे देऊ लागतो आणि कॉकपिटमधला स्विच बंद करूनही त्याला फरक पडत नाही. बॅटरी काही वेळ तो प्रवाह गिळत राहते, व्होल्टेज १४.४ वरून १६, मग १८ च्या पुढे चढते, बॅटरीतले आम्ल उकळू लागते आणि रेडिओपासून पडद्यांपर्यंत प्रत्येक उपकरण धोक्यात येते. मोटारीत असे घडले तर चालक गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद करतो. वैमानिकाला इंजिन बंद करण्याचा पर्याय नसतो, म्हणून अल्टरनेटर आपल्या हाताने, केव्हाही आणि खात्रीने बंद करता आला पाहिजे ही माझी पहिली अट आहे, आणि मूळ स्थितीतला हा अल्टरनेटर ती पुरी करत नाही.

यावर तोडगा म्हणून काही बांधणारे बी टर्मिनलच्या जाड तारेत एक कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने चालणारा मोठा स्विच, बसवतात आणि व्होल्टेज वाढले की तो उघडतात. हा उपाय मला पटत नाही. अल्टरनेटर जोमात प्रवाह देत असताना बॅटरी त्याच्यापासून अचानक तुटली, तर रोटरमधले चुंबकीय क्षेत्र तत्काळ ओसरत नाही आणि त्या क्षणी आउटपुटचे व्होल्टेज उसळते. मोटारींच्या विद्युत उपकरणांसाठीच्या आयएसओ १६७५०-२ या मानकात १२ व्होल्टच्या प्रणालीत ही उसळी ७९ ते १०१ व्होल्ट धरली आहे. अल्टरनेटरमध्ये ती दाबणारे डायोड असतील तर ती ३५ व्होल्टच्या आसपास थांबते. कॉन्टॅक्टर उघडल्यावर विमानातली उपकरणे वाचतात हे खरे, परंतु त्या उसळीत अल्टरनेटरचे स्वतःचे डायोड आणि रेग्युलेटर सापडतात. चांगला अल्टरनेटर चालू उड्डाणात स्विचने नुसता बंद करून पाहिला तरी तो निकामी होऊ शकतो, ही व्यवस्था मला विमानात नको आहे.

योग्य मार्ग टेबलावर तासाभरात होण्यासारखा आहे. मागचे झाकण काढले की रेग्युलेटर आणि ब्रशांचा होल्डर शेजारी शेजारी दिसतात. रेग्युलेटर काढावा, ब्रशांपैकी एकाची बी टर्मिनलशी असलेली जोडणी संपूर्ण तोडावी, एक ब्रश अल्टरनेटरच्या अंगाशी जमीन करावा आणि दुसऱ्याची तार इन्सुलेटेड टर्मिनलवर बाहेर आणावी. डाग देताना दोन गोष्टींवर डोळा ठेवावा: ब्रशाच्या शेपटीसारख्या वेणीदार तारेत कथील वर चढू देऊ नये, कारण ती ताठ झाली की ब्रश स्प्रिंगखाली मोकळा सरकत नाही आणि स्लिप रिंगवर, म्हणजे रोटरवरच्या तांब्याच्या कड्यावर, नीट टेकत नाही, आणि नवी तार झाकणाच्या धारेवर घासणार नाही अशी बांधावी. झाकण लावण्याआधी ओहममीटरने बाहेरच्या टर्मिनलपासून अंगापर्यंतचा रोध मोजावा. तो तीन-चार ओहम भरला आणि रोटर हाताने फिरवताना स्थिर राहिला, तर काम जमले. बाहेरच्या टर्मिनलचा बी टर्मिनलशी कोणताही संबंध उरला नाही याची खात्री पुन्हा एकदा करावी. सगळ्या बदलाचा अर्थ त्या एका तुटलेल्या जोडणीत आहे.

त्यानंतर फील्डची सगळी वीज कॉकपिटमधून येते. बसपासून, म्हणजे सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीपासून, ५ अँपिअरच्या सर्किट ब्रेकरमधून, अल्टरनेटरच्या स्विचमधून, बाहेरच्या रेग्युलेटरमधून ती ब्रशापर्यंत जाते. ब्रेकर आणि जमीन यांच्यामध्ये जे मॉड्यूल बसवायचे त्याचे काम साधे आहे: बसचे व्होल्टेज १६ च्या थोडे पुढे गेले आणि तिथे टिकले, की त्यातला थायरिस्टर हा इलेक्ट्रॉनिक स्विच फील्डची पुरवठा-तार जमिनीशी शॉर्ट करतो, ब्रेकर पडतो, फील्ड संपते आणि अल्टरनेटर गप्प होतो. हे सारे सेकंदाच्या लहानशा अंशात घडते. मुद्दाम शॉर्ट करण्याची ही पद्धत काही जणांना रांगडी वाटते. मला तिच्यातला उघडपणा आवडतो, कारण बाहेर आलेला ब्रेकरचा दांडा वैमानिकाला काय झाले ते सांगतो. तिच्या जोडीला १३ व्होल्टच्या खाली पेटणारा धोक्याचा दिवा हवाच. अल्टरनेटर शांतपणे मेला तर तो कळायला दुसरा भरवशाचा मार्ग नाही, आणि बॅटरीवर किती वेळ काढायचा आहे याची मोजणी त्याच क्षणापासून सुरू झाली पाहिजे.

बी टर्मिनलची जाड तार पॅनेलपर्यंत नेऊन तिथे ६० अँपिअरचा ब्रेकर बसवण्याची जुनी रीत मी टाळतो. थंड अल्टरनेटर आपल्या छापील क्षमतेपेक्षा थोडे अधिक देऊ शकतो आणि तो ब्रेकर नको त्या वेळी पडतो. फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या आडभिंतीवर), स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरजवळ एक संथ जळणारा जाड फ्यूज ठेवला की तार लहान राहते आणि अल्टरनेटरचा गोंगाट कॉकपिटच्या आत येत नाही. इंजिन रबरावर टेकलेले असल्याने क्रँककेसपासून फायरवॉलपर्यंत विणलेली जमीनपट्टी लागतेच. हेडसेटमध्ये इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर लोक पहिल्यांदा फिल्टर विकत घ्यायला धावतात. बारा ध्रुवांचा हा अल्टरनेटर प्रत्येक फेरीत ३६ लहरी सोडतो, म्हणजे ६,००० फेऱ्यांवर ३,६०० हर्ट्झ, आणि ही वारंवारता कानाला अतिशय स्पष्ट लागते. ती आत शिरते ती बहुतेक वेळा ऑडिओच्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्या जमिनींतून. सगळ्या जमिनी एका जागी आणल्या की फिल्टरची गरज क्वचितच उरते.

अल्टरनेटर इंजिनाला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटकडे बांधणाऱ्यांचे सर्वांत कमी लक्ष असते, आणि माझ्या मते तेच या बांधणीतले सर्वांत कच्चे ठिकाण आहे. चार सिलिंडरचे थेट प्रोपेलर फिरवणारे इंजिन प्रत्येक फेरीत दोन जबर धक्के देते. मोटारीच्या इंजिनावरच्या जड, ओतीव ब्रॅकेटला शोभणारा अल्टरनेटरचा कान (बोल्ट घालायचे भोक असलेले टोक) इथे पातळ पट्टीला बांधला तर तो थकतो. अल्टरनेटरचा कान ॲल्युमिनियमचा ओतीव असतो. तो आणि ब्रॅकेट यांच्यात अर्धा मिलिमीटर फट ठेवून बोल्ट आवळला, की कान वाकण्याच्या ताणाखाली कायमचा अडकतो आणि पहिली चीर तिथेच येते. फट अचूक जाडीच्या वॉशरांनी भरावी, पुली आणि रिंग गिअरची खाच एका रेषेत आहेत हे सरळ पट्टी लावून पाहावे, आणि ताण देणारी वरची पट्टी दुसऱ्या एखाद्या आधाराने त्रिकोणात बांधावी. सपाट, लांब खाच असलेली एकेरी पट्टी मला कधीच पुरेशी वाटली नाही. बोल्टांना लॉकवायर हवी.

बेल्टचा ताण अंगठ्याने दाबून ठरवू नये. पुलीच्या नटावर टॉर्क रेंच लावून बेल्ट कोणत्या आकड्याला घसरतो ते पाहण्याची लायकमिंगची पद्धत सोपी आणि खात्रीची आहे. ३/८ इंच रुंदीच्या नव्या बेल्टसाठी ११ ते १३ फूट-पाउंड आणि वापरलेल्यासाठी ७ ते ९ फूट-पाउंड हे तिचे आकडे आहेत. पुलीचा व्यास बदलला की तोच ताण नटावर वेगळा आकडा दाखवतो, हे लक्षात ठेवावे. मोठ्या पुलीवर आकडा जुळवण्याच्या नादात बेल्ट ढिला राहू शकतो. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत सैल पडतोच, म्हणून काउलिंग लवकर उघडून तो पुन्हा मोजावा.

खरेदीबद्दल माझा अनुभव मिश्र आहे. हा अल्टरनेटर आज बहुधा पुनर्बांधणी केलेलाच मिळतो, आणि पुनर्बांधणी या शब्दाखाली काय काय मोडते याला मर्यादा नाही. एका पुरवठादाराकडून आलेल्या नगाचे अंग चकचकीत रंगवलेले होते, पण उघडल्यावर स्लिप रिंगवर खोल चरे तसेच होते आणि मागचे बेअरिंग हाताने फिरवताना खरखरत होते. तो मी इंजिनाजवळ नेलाच नाही. ज्याला टेबलावर उघडायचेच आहे त्याने रंगाला भुलू नये. चांगल्या बनावटीची सीलबंद बेअरिंगे, नवे ब्रश आणि घासून गुळगुळीत केलेल्या स्लिप रिंगा या तिन्ही गोष्टी स्वतः पाहून, हव्या तर स्वतः बदलून, मगच पुढे जावे. हाच सामुराईचा मोठा गुण आहे: त्याच्या आतला प्रत्येक भाग मोटारींच्या बाजारात सहज मिळतो आणि सामान्य हत्यारांनी बसवता येतो.

हा अल्टरनेटर कोणासाठी आहे हे इंजिनावर ठरते. बॅटरीविना स्वतःच ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो असलेले लायकमिंगचे इंजिन वीज गेली तरी चालत राहते, त्यामुळे वरील बदल केलेला एक अल्टरनेटर आणि निरोगी बॅटरी पुरेशी आहे. इग्निशन पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक असेल, किंवा मोटारीचेच इंजिन बसवून इंधनाचे इंजेक्शनही विजेवर चालत असेल, तर वीज गेल्यावर प्रोपेलर थांबतो. तिथे व्हॅक्यूम पंपाच्या जागी बसणारा लहान दुसरा अल्टरनेटर किंवा स्वतंत्र दुसरी बॅटरी असल्याशिवाय मी उड्डाण करणार नाही. रोटॅक्स ९१२ या लहान विमान-इंजिनाच्या पोटात सुमारे २५० वॉटचे स्थिर चुंबकाचे जनित्र आधीच आहे. साध्या दिवसाच्या उड्डाणाला ते पुरते आणि सामुराईसारखे यंत्र तिथे जोडण्याचा खटाटोप बहुतेकांना परवडणारा नाही.

लिथियम बॅटरी बसवणाऱ्यांना एक सूचना. तिचा अंतर्गत रोध अत्यंत कमी असल्याने इंजिन सुरू झाल्यावर ती भरून निघण्यासाठी मिळेल तेवढा प्रवाह ओढते, आणि ५५ अँपिअरचा अल्टरनेटर जमिनीवर, हवा कमी असताना, कित्येक मिनिटे पूर्ण भाराखाली तापत राहतो. अशा वेळी स्टार्ट झाल्याबरोबर अल्टरनेटर चालू न करता इंजिनाचा वेग थोडा वाढवून, प्रोपेलरचा झोत काउलिंगमध्ये शिरू लागल्यावर तो चालू करावा. बाहेरच्या रेग्युलेटरमुळे हे स्विचने निर्धोकपणे करता येते, आणि बदल करण्यामागचे हेही एक सबळ कारण आहे.

शेवटचा प्रश्न वारंवार विचारला जातो: लायकमिंगवर प्रोपेलर उतरवल्याखेरीज बेल्ट बदलता येत नाही, तर जादा बेल्ट आधीच रिंग गिअरच्या मागे क्रँककेसला बांधून ठेवावा काय? अनेकजण ठेवतात. मी ठेवत नाही, कारण इंजिनाच्या उष्णतेत तो बेल्ट वापरात नसतानाही म्हातारा होतो आणि त्याची एखादी बांधणी सुटली तर तो फिरत्या गिअरमध्ये जाण्याचा धोका उरतो. प्रोपेलर कोणत्याही कारणाने उतरला की मी बेल्ट बदलतो, मग जुना कितीही चांगला दिसो.